‘माझा स्वभावच तसा’ म्हणण्याआधी

परवा फोन ठेवताना तू जे म्हणालीस ते मनातून जात नाहीये. “ताई, मी मुळातच भित्री आहे गं. सासूबाईंसमोर तोंडातून शब्द फुटत नाही. माझा स्वभावच तसा.”

मग मला सांग, चेकबुक मिळालं नाही म्हणून बँकेत आरडाओरडा करणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून नियम समजावून सांगते ती कोण? साहेबांनी घाई केली तरी कागद पुरे झाल्याशिवाय कर्जाच्या फाइलवर सही करणार नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं ते कोणी? तूच ना? एकाच बाईचा स्वभाव सकाळी काउंटर उघडताना बदलतो आणि संध्याकाळी घराची बेल वाजवताना पुन्हा पहिल्यासारखा होतो, असं नसतं गं. जागा बदलते. त्या जागेवरच्या बाईने कसं वागावं याच्या अपेक्षा बदलतात. आणि आपण त्या अपेक्षा इतक्या लहानपणापासून अंगात मुरवलेल्या असतात की त्या आपल्या रक्तातच आहेत असं वाटायला लागतं.

इतकी वर्षं कॉलेजात मुलींना समाजशास्त्र शिकवलं, त्यातलं थोडं तुला आज घरच्या भाषेत सांगते. हे शास्त्र परीक्षेपुरतं शिकून सोडून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. स्वतःला दोष देत कुढणाऱ्या मुलीला याच्याइतका आधार क्वचितच दुसरा कशाचा असेल.

आपण भातुकली खेळायचो तेव्हा तू आई व्हायचीस. बाहुलीला रागवायचीस ते शब्द थेट आईचे, कमरेवर हात ठेवायचीस तो आईसारखा. शिकागोत जॉर्ज हर्बर्ट मीड नावाचे प्राध्यापक होते. ते 1931 मध्ये गेले, आणि 1934 मध्ये विद्यार्थ्यांनी त्यांच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं की मूल आधी एकेका माणसाचं सोंग घेऊन खेळतं, मग नियमांचा खेळ खेळायला लागतं. खो-खोत रांगेत बसलेल्या मुलीला पळणारी कुठे वळेल, खो देणारी काय करेल, पंच काय बघतील, हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं. हळूहळू सगळ्यांची मिळून एक नजर आपल्या आत तयार होते आणि त्या नजरेने आपण स्वतःकडे बघायला लागतो. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक कोण, असं कधी विचारून बघ. एकाचंही नाव सांगता येणार नाही. ते बाहेर कुठे नसतातच, आपण त्यांना सोबत घेऊन हिंडत असतो. यात वाईट काही नाही, मीड म्हणतात तसं याशिवाय माणसाला ‘मी’ असं काही घडतच नाही. पण ती नजर कोणाकडून आली, हे कधीतरी तपासावं लागतं.

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीत आहे. आईचंही लिहिलं होतं. वीस वर्षं जे नाव ऐकून ती वळून बघायची, ते त्या दिवसानंतर फक्त आजोबांच्या पत्रात उरलं. घर नवं, नाव नवं, हाक मारणारी माणसं नवी. एवढं सगळं एका दिवसात बदललेल्या बाईने मान खाली घातली की तिला कोणी लाजाळू म्हणतं, कोणी सोशिक म्हणतं.

इरावतीबाई कर्वे हे फार छान उलगडून सांगतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी देशभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास केला, त्याचं इंग्रजी पुस्तक 1953 मध्ये आलं. उत्तरेत गावात लग्न नाही, जवळच्या नात्यात नाही. मुलगी दूरच्या, परक्या गावात जाते, आणि तिथे घुंघट, सासऱ्यापुढे न बोलणं, सगळ्यांची नजर चुकवणं. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी लग्न आत्या-मामांच्या घरात होतं, मुलगी ओळखीच्या उंबऱ्यातून आत जाते, आणि तिच्या वागण्यात मोकळेपणा असतो. आपण मधल्या पट्ट्यातले. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे अनेक जातींमध्ये आहे, म्हणजे त्या मुलीची सासू तिची सख्खी आत्या असते. आता बघ, बाई तीच, वय तेच, पण लग्नाचा नियम बदलला की तिचा ‘स्वभाव’ बदलतो. मला इरावतीबाईंचं हे म्हणणं कुठल्याही परदेशी सिद्धान्ताहून मोलाचं वाटतं, कारण त्या बाईच्या मनात न डोकावता ती कुठल्या दारातून आत आली हे आधी विचारतात.

सगळेच पंडित असं विचारत नाहीत. अमेरिकेत टॅल्कॉट पार्सन्स हे फार मोठं नाव. रॉबर्ट बेल्स यांच्याबरोबर 1955 मध्ये त्यांनी कुटुंबावर पुस्तक लिहिलं. त्यात असं मांडलं की घर नीट चालायला दोन प्रकारच्या भूमिका लागतात: पुरुषाने बाहेर जाऊन कमवावं, बाईने घरातल्यांच्या भावना सांभाळाव्यात. अशी वाटणी समाजाच्या उपयोगाची आहे म्हणून टिकते, असा त्याचा रोख. महायुद्धानंतरच्या दहाएक वर्षांतली अमेरिकन मध्यमवर्गाची घरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि तेच कुटुंबाचं रूप ठरलं. मला हे वाचताना बीडच्या बायका आठवतात. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते आणि हिशेबात त्या दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची ती त्या कोयत्याच्या नावावर, आणि बहुतेक वेळा पैसे हातात पडतात नवऱ्याच्या. बाई फडात राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते आणि कोपीवर येऊन चूल पेटवते. कमावणं आणि सांभाळणं अशी वाटणी तिच्या दिवसात कुठेच सापडत नाही. तिचं काम आहे, पण हिशेबात ती सुटी अशी नाहीच.

त्याच बायकांमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याचं प्रमाण फार मोठं असल्याचं 2019 मध्ये उघडकीला आलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एकेका बाईला विचारलं तर ती सांगेल की त्रास होत होता, डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाकली. तिचा निर्णय. पण पाळीत कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, फडात ना पाणी ना आडोसा, आणि उचल तर फेडायचीच असते. असा निर्णय एकटीचा कसा म्हणायचा?

सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये हाच भेद फार साध्या उदाहरणाने सांगितला. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचं कौशल्य बघा, त्याची वृत्ती बघा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाची वृत्ती तपासून काही हाती लागणार नाही, मग रचनाच तपासावी लागेल. स्वतःची अडचण आणि सगळ्यांचा प्रश्न यांतला धागा दिसणं, ही त्यांच्या मते विचार करणाऱ्या माणसाची सगळ्यात गरजेची शक्ती. मी वर्गात हे दरवर्षी शिकवलं आणि दरवर्षी दोन-चार मुलींचे डोळे भरून आले. वर्षानुवर्षं ज्याला आपला नालायकपणा समजत होतो तो आपला नव्हताच, हे एकाएकी लक्षात आलं की तसंच होतं.

आता तुझ्यावरच लावून बघ. तू म्हणतेस, “मला घर आणि नोकरी दोन्ही सांभाळायला जमत नाही, बाकीच्यांना कसं जमतं कोण जाणे.” बाकीच्यांचं ऐक. सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये 81.2 टक्के बिनपगारी घरकाम करतात, पुरुषांमध्ये 26.1 टक्के. करणाऱ्या बाईची त्यात दिवसाची सरासरी 299 मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची 97. पाच तासांना एकच मिनिट कमी, आणि तेही मुलांचं-म्हाताऱ्यांचं करणं यात न धरता. देशातल्या प्रत्येक पाचात चार बायकांच्या अंगावर असलेलं ओझं हा तुझ्या एकटीच्या नेटकेपणाचा प्रश्न असेल का?

आर्ली हॉकशील्ड यांनी 1989 मध्ये नोकरी करणाऱ्या जोडप्यांवर पुस्तक लिहिलं. ऑफिसची पाळी संपली की बाईची घरी दुसरी पाळी सुरू होते, ही कल्पना जगभर गेली ती त्या पुस्तकामुळे. त्यात एक जोडपं आहे. बरीच भांडणं झाल्यावर दोघांनी समझोता केला: वरचा मजला बायकोचा, खालचा नवऱ्याचा. ऐकायला निम्मं-निम्मं. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, दिवाणखाना, झोपायच्या खोल्या. खाली गॅरेज आणि कुत्रा. आणि त्या बाईने स्वतःची समजूत घातली होती की आमच्याकडे वाटणी समान आहे, कारण तसं मानल्याशिवाय संसार टिकला नसता. हे मी तुला मुद्दाम सांगते. तूही म्हणतेस, “हा मदत करतो हं.” शनिवारी भाजी आणतो, खरं आहे. पण कुठली भाजी संपली हे कोणाच्या डोक्यात असतं? मुलीच्या लसीची तारीख, गॅसचा नंबर, कामाच्या मावशी येणार नाहीत तेव्हा डब्याचं काय, आईंची रक्तदाबाची गोळी? लक्षात ठेवण्याचं काम कुठल्याच यादीत येत नाही आणि तेच बाईला सर्वांत जास्त दमवतं.

आता सासूबाईंकडे येऊ. याच्यावर मला तुझ्याशी सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तू त्यांना दुष्ट ठरवून मोकळी व्हायच्या बेतात आहेस. 

तुर्कस्तानात वाढलेल्या डेनिझ कँडियोटी नावाच्या अभ्यासक आहेत. त्यांनी 1988 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की पुरुषसत्तेत बाई नुसती दबलेली नसते, ती त्या व्यवस्थेशी एक सौदा करत असते. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत हा सौदा आयुष्यभर चालतो. तरुणपणी सून म्हणून सगळं सोसायचं, मुलगा जन्माला घालायचा, तो मोठा होऊन त्याचं लग्न झालं की मग घरावर आपली सत्ता. सुनेचे कष्ट हा आधी भरलेला हप्ता असतो आणि सासूपण ही त्याची परतफेड. म्हणून तर बायकाच बायकांवर पहारा ठेवतात. ज्या नियमांनी आपल्याला पिळलं, त्याच नियमांवर आपली म्हातारपणीची एकुलती ठेव उभी असते.

तुझ्या सासूबाई एकोणिसाव्या वर्षी चौदा माणसांच्या घरात आल्या. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खायचं. माहेरी जायचं तर सासूने ‘जा’ म्हणायची वाट बघायची, आणि ती म्हणायची नाही. त्यांचा सौदा पुरता झाला, त्यांच्याकडून एकही हप्ता चुकला नाही. आणि परतफेडीची वेळ आली तेव्हा दारात तू उभी होतीस, स्वतःच्या पगाराचं खातं घेऊन, फोनवर जेवण मागवणारी, नवऱ्याला अरे-तुरे करणारी. तुझं यात काही चुकलं नाही. पण कँडियोटी नेमकं हेच सांगतात, की जुने नियम मोडायला लागतात तेव्हा सगळं सोसून झालेल्या, पण अजून काहीच हाती न आलेल्या बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्या चिडतात, जुन्याला आणखी घट्ट धरतात. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ यातलं दुःख ऐकू येतं का तुला? एकदा दुपारी दोघीच असाल तेव्हा मेथी निवडत बस त्यांच्याजवळ, आणि त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं ते विचार. मला खात्री आहे, त्यांना हे आजवर कोणीच विचारलेलं नाही.

मात्र समजून घेणं म्हणजे सोसणं नव्हे, एवढं पक्कं लक्षात ठेव. टोमण्यामागचं कारण कळलं म्हणून टोमणा गोड होत नाही. आणि कुठल्याही घरात, तुझ्या किंवा तुझ्या मैत्रिणीच्या, बाईवर हात उचलला जात असेल तर तिथे सिद्धान्त बाजूला ठेवायचे. त्यासाठी 2005 चा कायदा आहे आणि 181 हा फोन नंबर आहे.

तू विचारशील, बायकांवरचे हे नियम मुळात आले कुठून? एक उत्तर मला फार थक्क करून गेलं होतं. डॉ. आंबेडकर पंचवीस वर्षांचे होते. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या नियमावर, असं ते म्हणतात. मग जातीत लग्नाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळलेली राहायला हवी. नवरा मेला की बाई जास्तीची होते. ती जातीबाहेर लग्न करेल किंवा जातीतल्या दुसरीचा वाटा घेईल, दोन्ही नकोत. म्हणून एक तर सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. आणि बायको मेलेल्या पुरुषाला अजून लग्नाला न आलेली लहान मुलगी. या प्रथांचं गुणगान झालं ते नंतर, आधी गरज होती. अगं, विधवेचं ते सगळं ‘पावित्र्य’, ती ‘विरक्ती’, शेवटी त्या हिशेबातून निघालेली! आपल्या आत्याने आयुष्यभर पांढऱ्या-करड्या साड्या नेसल्या आणि आपण म्हणायचो, तिला रंगांची आवडच नाही.

हिशेब मांडणारी माणसं असतील तर मोडणारीही माणसंच असतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. मे 2022 मध्ये त्या गावाने ठराव केला की पतीच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सुचवलं. एकट्या बाईने कुंकू लावून बाहेर पडायचं ठरवलं असतं तर तिला निर्लज्ज म्हटलं असतं. सगळ्या गावाने मिळून ठरवल्यावर तीच गोष्ट सन्मानाची झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून बायकांना एक न्याय आणि पुरुषांना दुसरा का, असा जाब विचारला होता. तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांत जोतीराव फुले ठळक होते. विचारणारी हवीच, पण तिच्यामागे उभं राहणारंही कोणी लागतं. म्हणून म्हणते, तुझ्या जावेशी बोल, नणंदेशी बोल. घरात तिघी एका मताच्या झाल्या की बरंच काही हलतं.

आणि तोवर? तोवर अर्व्हिंग गॉफमन यांचं एक निरीक्षण जवळ ठेव. ते 1961 च्या पुस्तकात जत्रेतल्या फिरत्या लाकडी घोड्यांबद्दल लिहितात. अगदी लहान मूल घोड्यावर बसलं की जीव ओतून स्वार होतं. सात-आठ वर्षांचा मुलगा घोड्यावर बसतो, पण मुद्दाम हात सोडतो, मागे वळून हसतो: मी बसलोय, पण मी एवढाच नाही. भूमिका पार पाडायची आणि तिच्यापासून वीतभर अंतरही राखायचं, असं त्यांना दिसलं. सणाला पुरणपोळ्या कर, आवडीने कर. पण पोळी फाटली म्हणून रात्री उशी भिजवू नकोस. फाटली ती पोळी. तू चांगली सून आहेस की नाही, याचा निकाल त्यावर लागत नाही.

एक जपायला हवं. ‘समाजानेच मला असं घडवलं’ हे वाक्य फार सोयीचं आहे आणि ते तुझ्या नवऱ्याच्याही हाती लागेल. “मला आईने कधी शिकवलंच नाही.” डेनिस राँग यांनी 1961 मध्येच आपल्याच शास्त्रातल्या लोकांना बजावलं होतं की माणूस समाजात घडतो हे खरं, पण तो पुरता त्याच्या साच्यातला होत नाही. त्याच्यात नको म्हणणारा, नियम मोडणारा भाग उरतो. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा तुझा नवरा शिकला ना? कुकरही शिकेल. त्याच्याकडे मदत मागू नकोस. एक काम काळजीसकट त्याच्या हवाली कर: मुलीच्या डब्याचं सगळं, काय करायचं ते आदल्या रात्री ठरवण्यापासून. आणि मग बघायला जाऊ नकोस. पहिले आठवडे डब्यात रोज पोहे जातील. जाऊ देत.

शेवटचं तुझ्याबद्दल नाही, पण टाळू नकोस. तुझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तुझ्याशी जशा बोलतात, मान खाली, ‘हो ताई, चालेल ताई’, तसं तू सासूबाईंशी बोलतेस. तो त्यांचा स्वभाव आहे असं तू कधीच गृहीत धरलं आहेस. त्यांना चहा कुठल्या कपात मिळतो आणि तो कप कुठे ठेवतात, तेही एकदा बघ. त्या ज्या जागी उभ्या आहेत तिथल्या अपेक्षा तू ठरवतेस, आणि त्या आजपासून बदलणं तुझ्या हातात आहे. आठवड्याची एक पगारी सुट्टी त्यांच्याशी बोलून ठरव. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला, पण मंडळाकडे नाव नोंदवलेलं असल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. त्यांची नोंदणी झाली आहे का, विचार. झाली नसेल तर बँकेतून अर्धा दिवस रजा काढ आणि कागद भरायला त्यांच्याबरोबर स्वतः जा.